मामांच्या कानावर जाऊ नये म्हणून

कळसच्या कुंडलिकरावांच्या घरातले उंदीर सतरा जानेवारीला, दुपारी अडीचच्या सुमारास, एकजात सगळे घर सोडून निघून गेले. ते परत आले नाहीत.

वरचं वाक्य झालंच नाही असं समजावं. ज्यांनी ते मोठ्यानं वाचलं असेल त्यांनी जरा खोकून घ्यावं आणि थंडीबिंडीचं काहीतरी बोलावं. कारण कुंडलिकरावांच्या घरात पहिल्यापासून शिस्त आहे: उंदरांविषयी घरात अवाक्षर काढायचं नाही. त्यांना ऐकू जातं, आणि नुसतं ऐकू जात नाही, मनाला लागतं. म्हणून तिथं उंदराला उंदीर म्हणत नाहीत, मामा म्हणतात. पिंजरा आणायचा तर टॉवेलात गुंडाळून, जेवणाचा डबा आणल्यासारखं तोंड करून आणायचा. आणि मामा गेले, दिसत नाहीत, कमी झाले, असलं तर चुकूनही बोलायचं नाही. कुंडलिकरावांचे एक चुलते मागं एकदा सहज बोलून गेले होते की यंदा मामांचा काही त्रास नाही बुवा. सकाळी उठून बघतात तो बंडी होती, खिसे नव्हते.

तेव्हा सगळे मामा अजून घरातच आहेत आणि डिसेंबर चालू आहे, असं धरून पुढं जाऊ.

कुंडलिकराव आणि प्रयागबाईंचा एकुलता एक मुलगा सुयोग लोणी देवकरच्या एमआयडीसीत तिसऱ्या पाळीला होता. त्याची कंपनी औषधाच्या बाटल्यांची झाकणं करायची. बाटल्या कोण करतं हे त्याला चार वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी तो कळसला पोचायचा तेव्हा उसावर धुकं बसलेलं असायचं, आणि साखर कारखान्याच्या बाजूनं मळीचा गोडसर आंबूस वास असा सावकाश यायचा की जणू कुणीतरी तो चालत घेऊन येतंय. मग सुयोग अंगणात बाजेवर चादर घेऊन पडायचा. जेवायला उठायचा, पुन्हा पडायचा. त्याला दिवस हा कायम चादरीच्या विणीतून दिसायचा. त्यामुळं काय खरोखर घडलं आणि काय डोळा लागल्यावर घडलं, याची तो फारशी चौकशी करत नसे. दोन्हीकडं साधारण तीच माणसं असायची.

मे महिन्यात त्याचं लग्न झालं होतं. वैष्णवी बारामतीची, चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटात वाढलेली. कळसला आल्यावर तिनं मागच्या दारची म्हैस, दिवसाआड येणारं पाणी आणि नवऱ्याचं भरदुपारी घोरणं, हे सगळं मुकाट्यानं आपलंसं केलं. डिसेंबरात एकदा तिनं शाल काढायला कपाट उघडलं. लग्नाच्या शालूच्या घडीत, उरलेल्या लग्नपत्रिका बारीक कातरून केलेलं एक घरटं होतं, आणि त्यात बोटाच्या पेराएवढी पाच गुलाबी पिल्लं डोळे मिटून झोपली होती. दिवसाच. पत्रिकेतलं 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' एवढं तेवढं अख्खं ठेवलं होतं, उशाशी.

वैष्णवी ओरडली नाही. तिनं कपाट हळूच लावलं, बॅग भरली, सासूला घेऊन घराबाहेर रस्त्यापर्यंत गेली आणि एसटी दिसायला लागल्यावर म्हणाली,

"आत्या, मी रागावून जात नाही. तुम्ही त्यांना घालवा. एकही राहिला नाही की मला फोन करा, तुमच्या तोंडानं सांगा, मी मिळेल त्या एसटीनं येते. ह्यांनी सांगितलेलं चालणार नाही. ह्यांना झोपेत काहीही दिसतं."

एसटी गेल्यावर प्रयागबाई बराच वेळ रस्त्यावर उभ्या राहिल्या. मामा गेल्याचं बोललं तर मामा परत येणार, आणि नाही बोललं तर सून येणार नाही. त्यातून सुनेची पहिली संक्रांत. प्रयागबाईंनी स्वतःच्या हातानं हलव्याचे दागिने करायला घेतले होते. रोज शेगडीपाशी बसून, मंद आचेवरच्या परातीत पाकाचा एकेक थेंब टाकत, साबुदाण्याला काटे आणत होत्या. संक्रांतीचं हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, म्हणजे जानेवारीचा शेवटचा आठवडा. तेवढी मुदत होती. त्याच्या आत वैष्णवी आली नाही, तर काळं लुगडं नेसून, साखरेची नथ घालून पाटावर कोण बसणार, हा प्रश्न होता. सुयोगला तो प्रश्न जरा निराळ्या शब्दांत पडला होता. बाजेची दुसरी बाजू रिकामी होती, आणि तिकडून थंडी यायची.

आबांनी, म्हणजे कुंडलिकरावांनी, कामाला सुरुवात केली. त्यांनी घराला आतून बाहेरून फेरी मारली. जिथं करंगळी शिरेल ते भोक मामांचं, एवढं साधं माप. त्या भोकात भांडी घासायची तारेची घासणी कोंबायची आणि वरून सिमेंट, म्हणजे कुरतडायला गेलं की दातात तार. न्हाणीच्या मोरीला जाळी. मागच्या दाराच्या फटीला खालून पत्र्याची पट्टी. पोत्यातले गहू पत्र्याच्या कोठीत. भिंतीला टेकवलेलं उसाचं पाचट आणि सरपण उचलून चार हात लांब. आणि हे करताना सारखं काहीतरी दुसरंच बोलत राहायचं. सिमेंट कालवता कालवता आबा भिंतीकडं तोंड करून म्हणायचे, "आपलं सहज. रिकामं बसून माणसानं करावं काय."

घरात बोलता येत नव्हतं, तेव्हा पुढचे बेत घराबाहेर ठरवायचे असं ठरलं. आणि कुंडलिकरावांच्या घराबाहेर म्हणजे ऊस. मागच्या दारापासून तीस पावलांवर दोन एकर ऊस उभा होता, डोक्याच्या वर हातभर. त्याच्या मधोमध ठिबकच्या व्हॉल्व्हपाशी चार माणसं मांडी घालून बसतील एवढी मोकळी जागा होती. बाहेर ऊन असलं तरी आत उजेड हिरवा असायचा, विहिरीच्या तळाशी बसल्यासारखा. पानं एकमेकांवर घासत राहायची, त्यामुळं बोलणं बाहेर जायचं नाही. यापेक्षा गुप्त जागा इंदापूर तालुक्यात नव्हती, असं आबांचं मत होतं.

रोज दुपारी सुयोगला बाजेवरून उठवून, चादरीसकट, उसात नेलं जायचं. तिथं प्रयागबाई आणि आबा खालच्या आवाजात ठरवायचे. सुयोग जांभया द्यायचा.

पहिल्या दिवशी ठरलं की चुलीमागचं भोक बुजवायचं. ते बुजवलं, तर दुसऱ्या दिवशी देवघरामागं नवं, जास्त गोल. दुसऱ्या दिवशी ठरलं की पिंजऱ्यात भाजका शेंगदाणा लावायचा. सकाळी पिंजरा बंद, शेंगदाणा नाही, आणि आकड्याला उसाचं एक वाळकं पान नीट गाठ मारून अडकवलेलं. तिसऱ्या दिवशी ठरलं की शेजारचं मांजर दोन दिवसांसाठी मागून आणायचं. मांजर आलं, उंबऱ्यावर थांबलं, आत पाहिलं आणि चुकून दुसऱ्याच्या लग्नात शिरलेल्या माणसाच्या चेहऱ्यानं माघारी गेलं.

"ह्येंना आधीच कसं कळतंय?" असं प्रयागबाई रोज उसातून परत येताना विचारायच्या. घर जवळ आलं की गप्प व्हायच्या.

सुयोगला थोडंफार माहीत होतं. तिसऱ्या बैठकीत त्याला व्हॉल्व्हशेजारच्या ढेकळावर एक मामा दिसले होते. पुढचे दोन्ही हात छातीशी धरून, मान जरा कलती करून ते ऐकत बसले होते. आबा बोलायला लागले की आबांच्या तोंडाकडं बघायचे, आई बोलायला लागली की आईच्या. सुयोगनं जांभई दिली तेव्हा त्यांनीही दिली, तोंडावर हात ठेवून. चौथ्या बैठकीला चौघं होते. सहाव्या बैठकीला ओळी झाल्या होत्या, लहानं पुढं, थोर मागं. एक जण जागा नसल्यामुळं उसाला टेकून उभा होता. सुयोगला त्याचं काही वाटलं नाही. त्याच्या झोपेत अशी गर्दी नेहमीच असायची, कित्येकदा झाकणंसुद्धा अशीच ओळीनं येऊन बसायची आणि काही न विचारता निघून जायची.

सातव्या बैठकीत आबा विचारत होते की आता पिंजरा माळ्यावर ठेवावा का कोठीमागं. सुयोगचे डोळे मिटलेले होते. तो तसाच म्हणाला, "त्यांनाच विचारा की."

आबांनी त्याच्या मानेच्या रोखानं पाहिलं. प्रयागबाईंनीही पाहिलं. मामांची पुढची ओळ जरा आवरून, सरळ बसली.

तिघं उठले, चपला हातात घेतल्या आणि पाय न वाजवता उसातून बाहेर आले. थेट डांबरी रस्त्यावर आल्यावर आबांनी श्वास सोडला. "आपुन त्येंच्या घरात बसून," ते म्हणाले, "त्येंनाच घालवायचं ठरवतुया. सात दिवस."

प्रयागबाईंना वेगळंच लागलं होतं. सात दिवस दुसऱ्याच्या घरी जाऊन बसलो, आणि एकदाही हातात काही घेऊन गेलो नाही, असं त्या पुटपुटत राहिल्या.

त्यात संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या शेतकी ऑफिसचा माणूस येऊन सांगून गेला की तुमच्या उसाला एकोणीस तारखेला तोड. पाठोपाठ ऊसतोड टोळीचा मुकादम जोतीराम फटफटीवरून प्लॉट बघायला आला. पंचवीस हंगाम केलेला माणूस. त्यानं कमरेवर हात ठेवून सांगितलं की ट्रॉली रस्त्याला उभी राहणार, म्हणजे तोड रस्त्याकडून चालू होणार, म्हणजे उसात जे काही असेल ते पुढं पुढं सरकत घराकडं येणार. आबा म्हणाले, पाच-दहा असतील. जोतीरामनं उसाकडं एकदा डावीकडून उजवीकडं पाहिलं, आकडा काही सांगितला नाही. "कुंडलिकराव," तो म्हणाला, "दारं तेवढी लावून घ्या."

आता बोलायचं कुठं? घरात नाही, उसात तर नाहीच. शेवटी आबांनी मोटारसायकल काढली. पुढं आबा, मधी प्रयागबाई, मागं चादर पांघरलेला सुयोग, असे तिघं चालत्या गाडीवर चर्चा करत वरकुट्याच्या रस्त्याला लागले. गाडी थांबवायची नाही, वेग कमी करायचा नाही, असं ठरलं होतं. दोन्ही बाजूंना दुसऱ्यांचा ऊस होता आणि त्यात काय माहीत कुणाचे कोण असतील.

आबांचं म्हणणं, मामांना आपण सांगितलेलं कळतं ना, मग बरंच झालं. उसात जाऊन मोठ्यानं एखाद्या चांगल्या जागेची तारीफ करायची, म्हणजे ते आपण होऊन तिकडं जातील. प्रश्न फक्त जागेचा. आबा म्हणाले, वरकुटे. प्रयागबाई म्हणाल्या, तिथं माझी बहीण हाय. मग लोणी देवकर. सुयोग मागून म्हणाला की तिथं तो रोज कँटीनमध्ये जेवतो. मग इंदापूर, तर तिथं आबांच्या मावसभावाचं किराणा दुकान निघालं. भिगवणला आत्तेसासू होती. एकेक गाव घेत गेले. ज्या गावात आपलं कुणीच राहत नाही असं गाव काही सापडेना, आणि गाडी तोवर वरकुट्याला जाऊन बहिणीच्या दारावरून, न थांबता, नुसता हात करून परत फिरली होती.

अंगणात उतरल्यावर प्रयागबाई एवढंच म्हणाल्या, "उद्या मी जाते. मी बोलते."

सोळा तारखेला दुपारी त्या डब्यात तिळाचे लाडू घेऊन उसात गेल्या. सुयोग चादरीसकट मागं गेला, थोडा लांब, सरीत बसला. प्रयागबाईंनी ढेकळावर एकेक करून सात लाडू मांडले, डोक्यावरचा पदर नीट केला आणि मांडी घातली. समोर कुणी दिसत नव्हतं. पण पानांच्या सावल्या जशा आपोआप हलाव्यात तशा हलत होत्या, आणि काही सावल्यांना शेपूट होती.

"आमचं चुकलं," प्रयागबाई म्हणाल्या. "रोज तुमच्याच घरात यून तुमचं उणं बोललो. आता उसाला तोड आलीया, तेरवा. तुमी आमच्याकडंच येनार. या. पर माझी सून गेलीया वो."

इथवर त्या ठरवून आल्या होत्या. पुढं काय बोलायचं ते त्यांनी ठरवलंच नव्हतं. मग जे मनात होतं तेच आलं.

"बारामतीला बसलीया, चौथ्या मजल्यावर. तिच्या आईचं घर लई निर्मळ. फरशी अशी की तोंड बघावं. गव्हाला कीड न्हाय. शेंगदान्याचा डबा दिवसभर उघडा असतो तरी कोन हात लावत न्हाय. तितं मामा म्हनून औषधाला न्हाईत. येक बी न्हाय. मग ती कशाला यील हितं. मी दागिनं केल्यात तिच्यासाठी. कुनाला घालू?"

त्या पदरानं डोळे पुसत राहिल्या. त्यांच्या मनात कसलाही डाव नव्हता, हे सुयोग शपथेवर सांगेल. त्याला एवढंच आठवतं की त्या 'येक बी न्हाय' म्हणाल्या आणि महिनोन्‌महिने सारखा सळसळणारा ऊस थांबला. एकही पान हलेना. मग मागच्या ओळीतून पुढच्या ओळीपर्यंत काहीतरी हळूच विचारलं गेलं, आणि पुढच्या ओळीतून मागं काहीतरी सांगितलं गेलं, आणि मग पुन्हा वारा सुटला.

दुसऱ्या दिवशी ते झालं, जे झालं नाही असं आपण समजतोय.

सुयोग बाजेवर होता. ऊन कोवळं होतं, म्हैस रवंथ करत होती. मागच्या दाराखालची पत्र्याची पट्टी आतून अलगद वर झाली, आणि एकेक जण बाहेर यायला लागले. थोर आधी, मग आया. काहींच्या तोंडात मानगुटीला धरलेली पिल्लं होती, त्यांना आता मऊ लव आली होती. दोघा-तिघांनी वाटेत खायला लाडवाचे तुकडे घेतले होते. शेवटचा बाहेर पडला, त्यानं पट्टी पुन्हा होती तशी दाबून बसवली. बाजेवरून सरळ वाट होती म्हणून ते चादरीवरून गेले. सुयोगनं पाय जरा वर घेतले. त्यांच्या पावलांना वजन नव्हतं, अंगावरून कुणाचं तरी बोलणं जावं तसं वाटत होतं. एकानं वळून घराकडं पाहिलं, बदलीवर निघालेला माणूस पाहतो तसं, आणि मग तोही गेला.

उसातले त्यांना बांधावर येऊन मिळाले. सगळे रस्त्याला लागले आणि बारामतीच्या दिशेला वळले. मागून एसटी आली तेव्हा ते शिस्तीत कडेला झाले. एसटी भरलेली होती.

ट्रॉली कुठं उभी करायची ते बघायला आलेला जोतीराम फटफटी बंद करून ते सगळे जाईपर्यंत थांबला होता. नंतर तो बाजेपाशी आला. म्हणाला की ऊस तोडताना मामा चारी दिशांना पळतात, हे त्यानं पंचवीस हंगाम पाहिलंय. कोयता लागायच्या दोन दिवस आधी, ओळीनं, एकाच दिशेला चालत निघालेले आजच पाहिले. "ह्येंना पत्ता कुनी दिला?" त्यानं विचारलं.

आपण झोपलो होतो, असं सुयोगनं सांगितलं.

संध्याकाळी घर फार मोठं वाटायला लागलं. माळ्यावर काही सरकत नव्हतं. कोठीमागं काही खसखसत नव्हतं. तिघंही एकमेकांकडं बघायचं टाळत होते. जेवताना आबा भिंतीला म्हणाले, "आपलं सहज," आणि पुढं काही सुचेना म्हणून भाकरी मोडायला लागले. प्रयागबाईंनी हात धुतले, फोन घेतला आणि स्पीकर लावला.

"आत्या, गेले का?" वैष्णवीनं विचारलं.

"कोन?"

"आत्या."

"थंडी कमी झालीया हितली."

"एकही नाही ना राहिला?"

"म्हस बरी हाय," प्रयागबाई म्हणाल्या. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

पलीकडून वैष्णवीचा श्वास ऐकू येत होता. ती थांबली होती. तिला खरंच यायचं होतं, हे त्या थांबण्यातून सुयोगला कळलं. मग ती हळूच म्हणाली, "म्हणजे आहेत अजून," आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी प्रयागबाईंनी एसटीच्या थांब्यावरून फोन लावला. बाकड्याखाली काहीतरी खुडबुडलं, त्यांनी लगेच बंद केला. देवळाच्या ओट्यावरून लावला, तिथं तर घंटेच्या दोरीवरून कोणीतरी चढत होतं, खार असेल, पण सांगता येत नव्हतं. एकोणिसाला टोळी आली, वीस तारखेच्या दुपारपर्यंत ऊस आडवा झाला. त्यातून एक ससा आणि दोन तितर निघाले, बाकी कुणी नाही. प्लॉट रिकामा झाल्यावर घर असं उघडं पडलं की पहिल्या दिवशी सुयोग कंपनीतून आला तो पुढं निघून गेला, दुसऱ्याचं समजून.

हलव्याचे दागिने पूर्ण झाले होते. हार, बांगड्या, बाजूबंद, नथ. प्रयागबाई ते ताटात काढून ठेवायच्या, बघायच्या, परत डब्यात ठेवायच्या. रथसप्तमीला तीन दिवस राहिले होते.

बावीस तारखेला दुपारच्या एसटीनं वैष्णवी आली. फोन नाही, निरोप नाही. हातात बॅग, डोळ्यांखाली काळं. अंगणात तिनं सुयोगकडं पाहिलं, मग सरळ स्वयंपाकघरात गेली. डबे उघडले, वाजवून बघितले. कोठीमागं डोकावली. गुडघ्यावर बसून मोरीची जाळी हलवून पाहिली. पलंगाखाली मोबाईलचा उजेड पाडला. मग तांब्याभर पाणी प्याली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. प्रयागबाई काही बोलायला गेल्या, तशी तिनं त्यांच्या तोंडावर अलगद हात ठेवला.

"आत्या, काहीही बोलू नका."

हळदीकुंकू झालं. गल्लीतल्या सगळ्या बायका आल्या. वैष्णवी काळं लुगडं नेसून पाटावर बसली, अंगभर पांढरीशुभ्र साखर. सुयोगनं दारातून चादरीआडून पाहिलं तेव्हा ती त्याला धुक्यातून दिसावी तशी दिसली. ती खरी आहे का बघायला त्यानं रात्रपाळीची रजा टाकली.

दुसऱ्या सकाळी ती त्याला घेऊन रिकाम्या प्लॉटात गेली. चहूबाजूंना लांबवर तोडलेल्या उसाचे नुसते बुडखे होते, लपायला टाचणीएवढी जागा नव्हती. तिथं मधोमध उभं राहून ती त्याबद्दल प्रथमच बोलली. अठरा तारखेला संध्याकाळी त्यांच्या बिल्डिंगची लिफ्ट आपोआप चौथ्या मजल्यावर येऊन थांबली. दार उघडलं. आत कुणी नव्हतं. दार बंद झालं, लिफ्ट खाली गेली, पुन्हा वर आली. अशी एकवीस वेळा. तिची आई लीलाबाई मूळची वरकुट्याची, तिलाही शिस्त माहीत. ती कुणाला काही बोलली नाही, फक्त म्हणाली, पाहुणे आलेत, आणि कणीक जास्त भिजवली.

"वाईट वागत नाहीत ते," वैष्णवी म्हणाली. "पण आमचं घर केवढं? मला फक्त एक कळत नाही. त्यांना आमचा पत्ता दिला कुणी?"

सुयोगला झोपेचं कारण सांगता आलं असतं. पण ती सरळ त्याच्या डोळ्यांत बघत होती, आणि त्याचे डोळे कधी नव्हे ते टक्क उघडे होते. ती परत जाईल, याची त्याला भीती वाटली. तेवढ्यात मागून प्रयागबाई आल्या. बुडख्यांतून, अनवाणी.

"म्या दिला," त्या म्हणाल्या. "मुद्दाम न्हाय. तुझी याद आली म्हनून बोलले."

वैष्णवी त्यांच्याकडं वळली. "काय काय बोललात?"

"फरशी निर्मळ हाय म्हनलं. आन शेंगदान्याचा डबा उघडा असतोय म्हनलं."

वैष्णवीनं लांब, रस्त्याकडं पाहिलं. बारामतीची एसटी येऊन थांबली होती. तिकडं बघता बघता तिचे खांदे हलायला लागले. सुयोगला वाटलं रडतेय. ती हसत होती.

"तो बंद करायला मी आईला दहा वर्षं सांगतेय," ती म्हणाली.

एसटी गेली. वैष्णवी गेली नाही, तिथंच खाली बसली, पण तिची एक अट होती. आज ना उद्या ह्याच बुडख्यांतून खोडवा फुटेल, वाढेल, बारामतीचे पाहुणे आपल्या गावी परततील, आणि पुढच्या हंगामात पुन्हा तोड येईल. तेव्हा प्रत्येक वेळी कुणाच्या तरी माहेरी पाठवणं बरं नाही. काहीतरी कायमचं व्हायला पाहिजे, आणि ते लेखी. एव्हाना मागोमाग येऊन उभ्या राहिलेल्या आबांना हे एकदम पटलं. ते घरातून पॅड आणि पेन घेऊन आले. तिथंच, उघड्या रानात, चौघांनी डोकं जुळवून अर्ज केला. आबांनी सांगितला, वैष्णवीनं लिहिला, प्रयागबाईंनी मधे मधे दुरुस्त्या सुचवल्या, सुयोगनं कागद उडू नये म्हणून वर चादरीचं टोक धरलं.

प्रति,
मा. कार्यकारी संचालक साहेब यांचे सेवेशी,

विषय: तोडीमुळे बेघर होणाऱ्या रहिवाशांच्या तात्पुरत्या निवासाबाबत.

महोदय,
मी आपल्या कारखान्याचा सभासद असून मौजे कळस येथील माझ्या दोन एकर उसाची रीतसर नोंद आपल्या दप्तरी आहे. परंतु सदर उसात राहणाऱ्यांची नोंद आपल्या दप्तरी नाही. ऊस आपण नेता, रहिवासी मात्र आमच्याकडे राहतात, अथवा नाइलाजाने परगावी जातात. त्यामुळे दोन कुटुंबांची विनाकारण ताटातूट होण्याची वेळ आली होती.

तरी पुढील हंगामापासून ऊसनोंदीच्या वेळीच सदर रहिवाशांची थोरामोठ्यांसह मोजदाद करावी; तोडीच्या आदल्या दिवशी आपल्या वाहनाने त्यांना सन्मानाने घेऊन जावे; खोडवा कमरेएवढा होईपर्यंत त्यांची सोय कारखान्याच्या अतिथिगृहात, शक्यतो तळमजल्यावर, करावी; आणि त्या अवधीत आपल्या कोणत्याही अधिकाऱ्याने अथवा कर्मचाऱ्याने त्यांच्यासमोर कोणत्याही सभासदाच्या व्याह्यांच्या घराची स्तुती करू नये, असे लेखी आदेश व्हावेत, ही नम्र विनंती.